खांबाने घेतलेली दोन जायफळं

सोमवार, ३ मार्च

फुटबॉल मंडळाचं पत्र आलं. आपल्या शहरात आठ संघांची स्पर्धा भरणार आहे. त्यातले दोन संघ फ्रेंच बोलणारे, पंच आणि डॉक्टर इंग्रजी बोलणारे, आणि मधे कोणीच नाही. पंचांचे शब्द, दुखापतींचे शब्द आणि उत्तेजक-चाचणीचे शब्द अशी खिशात मावणारी फ्रेंच-इंग्रजी पुस्तिका दोन आठवड्यांत करून द्यायची, आणि स्पर्धेच्या वेळी चाचणीच्या खोलीत दुभाषा म्हणून बसायचं.

मलाच का विचारलं ते उघड आहे. औषधांच्या खोक्यात घडी घातलेलं जे पत्रक असतं, जे कोणी वाचत नाही, ते मी एकतीस वर्षं फ्रेंचमधून इंग्रजीत आणतो आहे. या एकतीस वर्षांत माझ्या नावावर एकही शुद्धिपत्र नाही.

फुटबॉल मात्र मी पाहिलेला नाही. म्हणजे घरात चालू असतो. ताई निवृत्त झाल्यापासून दिवसभर तेच लावून बसते. माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी, अडतीस वर्षं इस्पितळात, शेवटी मेट्रन. एवढ्या गजबजाटातून एकदम घरात बसायचं म्हणजे माणसांचा आवाज हवासा वाटणारच. म्हणून मी कधी बोललो नाही.

तिला पत्र दाखवलं तर म्हणाली, "तुला ऑफसाईड तरी माहीत आहे का?"

"फ्रेंचमध्ये ऑर-ज."

"पण म्हणजे काय?"

"म्हणजे ऑफसाईड."

चुकीच्या वॉर्डात शिरलेल्या नातेवाइकांकडे ती बघायची तशी माझ्याकडे बघत राहिली. मी होकार कळवला.

शुक्रवार, ७ मार्च

मंडळाने एक जुनी टंकलिखित यादी दिली आहे. दोन रकाने, चारशे बारा शब्द, अर्थ कुठेही दिलेला नाही. मला आवडली. शब्दासमोर शब्द, मधे बडबड नाही.

काम चालू आहे. 'मोर स्युबित' आणि 'सडन डेथ', म्हणजे अकस्मात मृत्यू. दोन्ही भाषांत तंतोतंत जुळतं. दुखापतींच्या भागात सर्वांत वर घेतला, कारण याहून मोठी दुखापत सुचेना.

मांडीवर गुडघा बसला की इंग्रज म्हणतात पाय मेला, फ्रेंच म्हणतात कुबडी मिळाली. दोन राष्ट्रांच्या स्वभावावर एक टिपण लिहावंसं वाटलं. लिहिलं. दीड पान झालं.

भिंत, खिडकी, छोटा पूल असे काही शब्द कुठेच बसेनात. सध्या 'बांधकाम' असा चौथा भाग उघडला आहे.

रविवार, ९ मार्च

आज एका शब्दाने सकाळ खाल्ली. फ्रेंच रकान्यात 'पेती पाँ', म्हणजे छोटा पूल. समोर इंग्रजीत 'नटमेग'. नटमेग म्हणजे जायफळ, आणि जायफळाला फ्रेंचमध्ये वेगळा शब्द आहे. मग पूल कशाला? दहा वाजता उलगडा झाला. 'छोटा पूल' हे व्यापारी नाव असणार. छोटा पूल छाप जायफळ तेल. खेळाडू सांध्यांना चोळत असतील. माझ्या आयुष्यात अशी शेकडो नावं आली आहेत. बांधकामातून उचलून तिसऱ्या भागात, 'औषधे व पूरके' या मथळ्याखाली टाकलं.

ताई चहा घेऊन आली आणि खांद्यावरून वाचायला लागली. एकदम फुसकन हसली, चहा बशीत सांडला.

"अरे बाळ, हे औषध नाही. हे तर दोन पायांच्या मधून..."

"ताई," मी म्हटलं, "कुठे लावायचं ते तपशील मला नकोत."

"अरे पण ऐक तरी!"

"मी तुझ्या इंजेक्शनांत कधी बोललो का?"

ती कप ठेवून निघून गेली. माझ्या तर्काला एका निवृत्त मेट्रनकडून आपोआपच दुजोरा मिळाला, हे मात्र नोंदवून ठेवतो. म्हणजे हे तेल मांडीच्या आतून लावतात.

बुधवार, १२ मार्च

चाचणी घेणाऱ्या डॉक्टरबाईंकडे दुखापतींचा भाग तपासायला पाठवला होता. मूत्रपिंडांच्या तज्ज्ञ आहेत, फार कमी बोलतात. एकच शेरा मारून परत पाठवला: "अकस्मात मृत्यू. उपचार काय?"

पंचांचा भाग तपासायला आज शिट्टी घरी आले. हे मंडळाचे पंच-प्रशिक्षक, सगळे त्यांना शिट्टीच म्हणतात. बोलताना मधेच थांबून दोन बोटं तोंडाकडे नेतात, मग शिट्टी नाही हे लक्षात येऊन खाली घेतात. त्यांच्याकडून कळलं की अकस्मात मृत्यूत कोणी मरत नाही, बरोबरी सुटेना की जो आधी गोल करेल तो जिंकतो. मला फसवल्यासारखं वाटलं.

मग मी विचारलं, पाय घालून पाडणं आणि घसरत जाऊन चेंडू काढणं यांत फरक काय? ते म्हणाले, "करून दाखवतो, उभे राहा." बोळातला गालिचा गुंडाळला, चेंडूच्या जागी ताईचा लोकरीचा गुंडा ठेवला. ते मोजे घालून स्वयंपाकघरातून घसरत आले. गुंडा जागेवरच राहिला. मी गेलो.

घोटा टम्म सुजला. ताई बर्फ घेऊन आली. मी तिला थांबवलं, कारण फ्रेंचमध्ये याला दोन शब्द आहेत, नुसता लचकला तर एक आणि अस्थिबंध ताणला असेल तर दुसरा, आणि बर्फ लावल्यावर सूज उतरली असती तर मला कधीच ठरवता आलं नसतं. तिने माझा हात बाजूला केला, बर्फाची पिशवी घोट्यावर दाबली आणि शिट्टींना विचारलं, "हा फाऊल की नाही?"

"पेनल्टी," शिट्टी ओशाळून म्हणाले.

त्यानंतर दोघं तासभर बाहेरच्या खोलीत कुठल्यातरी सामन्याविषयी तावातावाने बोलत बसले. मी आतून ओरडून दोनदा चहा मागितला.

सोमवार, १७ मार्च

पुस्तिका छापखान्यात गेली. बांधकामाचा भाग शिट्टींनी काढून टाकायला लावला. बाकीचं त्यांनी पाहिलं नाही, "औषधांचं डॉक्टर बघतील" म्हणाले. डॉक्टरबाई म्हणाल्या, "खेळाचं शिट्टी बघतील." अशी माणसं असली की काम वेळेत होतं.

शनिवार, २२ मार्च

पहिली फेरी. घोटा अजून टेकवत नाही, म्हणून ताईने मला गाडीने मैदानावर नेलं. तिला प्रेक्षकांत जागा मिळाली, मला चाचणीच्या खोलीत. खिडकी नाही. एक टेबल, तीन खुर्च्या, फ्रिज, पाण्याच्या सीलबंद बाटल्या, आणि पलीकडे ते दार.

सामना संपल्यावर चिठ्ठी टाकून ज्याचं नाव निघालं तो आला. फ्रेंच बोलणाऱ्या संघाचा बचाव करणारा खेळाडू, बावीस वर्षांचा. त्याचे सोबती त्याला 'खांब' म्हणतात. दारातून येताना वाकला. चेहरा पडलेला. संघ जिंकला होता, तरी पडलेला.

नमुना नव्वद मिलिलिटर हवा असतो. खांबाने पहिल्या वेळी वीस दिले. पाणी प्यायला. पुन्हा गेला, काहीच नाही. नियमाप्रमाणे सोबत जाणाऱ्या कर्मचाऱ्याला प्रत्यक्ष बघत उभं राहावं लागतं, आणि हा कर्मचारी प्रोत्साहन म्हणून हळूच शीळ घालत होता. खांब बाहेर येऊन मला म्हणाला, "त्यांना सांगा, ही चाल नको, माझी आई मला झोपवताना हीच गायची." मी सांगितलं. कर्मचाऱ्याने चाल बदलली. दोन तास लागले.

तोवर फॉर्म भरायचा होता. इथे मी खऱ्या अर्थाने उपयोगी पडलो, म्हणून सगळं लिहून ठेवतो.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "गेल्या सात दिवसांत काय काय घेतलं?"

मी फ्रेंचमध्ये विचारलं. खांबाने मान खाली घातली. म्हणाला, "दोन पेती पाँ घेतले."

पुस्तिका उघडायचीही गरज पडली नाही. "दोन जायफळं," मी म्हटलं.

डॉक्टरबाईंचं पेन थांबलं. "कधी?"

"एक पहिल्या अर्ध्या तासात, दुसरं मध्यंतरानंतर लगेच."

"सामना चालू असताना? कसं घेतलं?"

मी विचारलं. खांबाचे डोळे भरून आले. "पायांच्या मधून," तो म्हणाला, आणि मी तसंच सांगितलं. माझा तेलाचा तर्क खरा ठरला याचा आनंद मी चेहऱ्यावर दिसू दिला नाही.

"दिलं कोणी?"

"त्यांच्या अकरा नंबरने."

"विरुद्ध संघाच्या खेळाडूने?" डॉक्टरबाईंचा आवाज प्रथमच वर गेला. "कोणी पाहिलं?"

खांब म्हणाला, "सगळ्यांनी. माझी आईसुद्धा आली होती, एकोणीस तास बसने. तिने पाहिलं." आणि तो रडायला लागला. मी तेही भाषांतरित केलं, रडणं सोडून.

सगळं फॉर्मवर उतरलं. त्याने सही केली. परत येताना गाडीत ताई म्हणाली की एक उंच पोरगा जीव तोडून खेळला, पण दोनदा बिचाऱ्याची फजिती झाली. मी तिला म्हटलं की चाचणीच्या खोलीतली माहिती गोपनीय असते, मला बोलता येणार नाही.

सोमवार, २४ मार्च

मंडळाची नोटीस निघाली. खांबाने सामन्यादरम्यान अज्ञात पदार्थ घेतल्याचं स्वतः नमूद केलं आहे, म्हणून बुधवारी सुनावणी, आणि निर्णय होईपर्यंत खेळायला बंदी. गुरुवारी उपांत्य सामना आहे.

नोटीस फ्रेंचमध्ये समजावून सांगायला मला त्यांच्या हॉटेलात नेलं. जिन्याशेजारच्या बैठकीत खांब, त्याचे व्यवस्थापक आणि त्याची आई बसले होते. खांब तीन वर्षं राखीव बाकावर बसून होता म्हणे, यंदा पहिल्यांदा आत घेतला. मी एकेक वाक्य वाचत गेलो: "दोन पेती पाँ घेतल्याबद्दल तुम्हाला खेळण्यास मनाई करण्यात येत आहे."

व्यवस्थापक आ वासून म्हणाले, "इथे असा नियम आहे?"

"लेखी आहे," मी म्हटलं.

ते आईला म्हणाले, "इथले पंच फार कडक आहेत."

खांब मात्र शांत होता. म्हणाला, "दोन घेतले, बरोबरच आहे. एकच घेतला असता तर गोष्ट वेगळी. दोनला शिक्षा हवीच." मग आईचा हात धरला. आई म्हणाली, "दुसऱ्या वेळी तुझा पाय घसरला होता, तेवढं त्यांना सांग." मी सांगायचं कबूल केलं.

बाहेर पडलो तरी कोडं सुटेना. तेल चोळणारा माणूस असा का बोलेल? पाय घसरण्याचा तेलाशी काय संबंध? सांडलेलं असावं.

सोमवार, पुन्हा

ताईला नोटीस दाखवली. गोपनीयता वगैरे सोडून दिली.

वाचताना ती हसायला लागली. इतकी हसली की भिंतीला धरावं लागलं. मग शेवटची ओळ वाचली, बंदीची, आणि हसू पुसल्यासारखं गेलं.

"उठ," ती म्हणाली. "उभा राहा. पाय फाकव."

घोटा दुखत होता तरी उभा राहिलो. तिने टोपलीतून एक लिंबू घेतलं, माझ्यासमोर जमिनीवर ठेवलं, पायाने हलकेच ढकललं. लिंबू माझ्या दोन्ही पायांच्या मधून गेलं. ती मला वळसा घालून मागे गेली आणि ते पुन्हा पायाने अडवलं.

"याला इंग्रज जायफळ म्हणतात आणि फ्रेंच छोटा पूल. तुझ्या पायांचा पूल, खालून चेंडू. ज्याच्या पायांतून गेला त्याने 'घेतलं'. याहून मोठी फजिती मैदानावर नाही. समजलं?"

मी तसाच उभा राहिलो. बराच वेळ पाय जवळ घ्यायचंही सुचलं नाही.

मंगळवार, २५ मार्च

सकाळपासून मंडळाला पत्र लिहितो आहे. पहिला मसुदा: दुभाष्याने वापरलेला प्रतिशब्द मंडळाच्याच यादीप्रमाणे अचूक होता. दुसरा मसुदा: संदर्भाच्या अभावी उद्भवलेली संदिग्धता. तिसऱ्यात संदिग्धता डॉक्टरबाईंची होती.

तिसरा ताईला वाचून दाखवला. ती मटार सोलत होती. सोलणं थांबवलं नाही.

"इस्पितळात एकदा मी उजव्याऐवजी डाव्या खाटेवरच्या माणसाला एनिमा दिला होता," ती म्हणाली.

"मग?"

"मग काय. दोघांची माफी मागितली. एकाची दिल्याबद्दल, एकाची न दिल्याबद्दल. संदिग्धता उद्भवली असं नाही म्हटलं."

"ताई, एकतीस वर्षांत एकही शुद्धिपत्र नाही माझं."

"तुझी पत्रकं कोणी वाचत नाही रे," ती म्हणाली. वाईट हेतूने नव्हे, पण म्हणाली. "हे पहिल्यांदाच कोणीतरी वाचलं."

तिन्ही मसुदे फाडले. जेवलो नाही. म्हणजे दुपारी नाही.

बुधवार, २६ मार्च

सुनावणी अकरा वाजता, मंडळाच्या मोठ्या खोलीत. लांब टेबल, मधोमध अध्यक्ष. निवृत्त न्यायाधीश आहेत, फुटबॉलशी संबंध उद्घाटनापुरता. बाजूला डॉक्टरबाई, टोकाला इतिवृत्त लिहिणारे चिटणीस. समोर खांब, व्यवस्थापक आणि आई. ताई मला धरून आत घेऊन आली आणि कोणी जा म्हणेना म्हणून बसली. तिला जा म्हणणं सोपं नसतं.

मी उभा राहिलो. कागद नव्हता. म्हणालो, "प्रतिशब्द बरोबर होता. त्याचा अर्थ मला माहीत नव्हता. विचारावा असं वाटलंही नाही. ज्यांनी सांगायचा प्रयत्न केला त्यांना मी गप्प केलं. या मुलाने काहीही घेतलेलं नाही. चूक माझी आहे." नंतर हेच फ्रेंचमध्ये खांबाला सांगितलं. ते जास्त अवघड गेलं.

खांबाने विचारलं, "म्हणजे दोन घेतले तरी खेळता येतं?"

"कितीही घेतले तरी," मी म्हटलं. त्याच्या आईने त्याच्या पाठीत एक धपाटा घातला, का ते कळलं नाही.

अध्यक्षांचं मात्र समाधान होईना. "एका खेळातल्या हालचालीला मसाल्याच्या पदार्थाचं नाव? आणि खेळाडू ती हालचाल 'घेतो'? मला हे रचलेलं वाटतं."

शिट्टींना साक्षीला बोलावलं. ते उभे राहिले, गंभीर झाले, "महोदय, दोन पायांच्या मधून..." एवढं म्हणाले, आणि त्यांची नजर डॉक्टरबाईंसमोरच्या फॉर्मवर गेली. 'मात्रा: दोन. मार्ग: पायांमधून.' त्यांना असं काही हसू फुटलं की दोघांनी धरून बाहेर नेलं. दाराबाहेरूनही ऐकू येत होतं.

"हा मंडळाचा अपमान आहे," अध्यक्ष म्हणाले. "बंदी कायम..."

"अध्यक्षसाहेब," ताई उठली. कोपऱ्यात स्पर्धेचा चेंडू काचेच्या पेटीवर मांडून ठेवला होता. तिने तो काखेत घेतला. "जरा उभं राहता का? इकडे, मोकळ्या जागेत या. पाठ ताठ. पाय थोडे लांब, वजन करताना ठेवतो तसे. श्वास रोखू नका."

हा तिचा वॉर्डातला आवाज. मी लहानपणापासून ओळखतो. अध्यक्ष उठून आले आणि सांगितलं तसे उभे राहिले. त्यांनी श्वासही सोडला.

ताईने चेंडू जमिनीवर ठेवला, डावीकडे जाते असं दाखवलं, अध्यक्ष नकळत डावीकडे झुकले, आणि चेंडू त्यांच्या पायांमधून सुळकन गेला. सदुसष्ट वर्षांची बाई त्यांना वळसा घालून मागे पोचली आणि टाचेखाली चेंडू थांबवला. नर्सची पांढरी चप्पल.

खांब उभा राहून टाळ्या वाजवत काहीतरी म्हणाला.

"काय म्हणतो?" अध्यक्षांनी मला विचारलं.

मी या वेळी आधी अर्थ तपासला. "म्हणतो, अगदी स्वच्छ होतं."

चिटणीसांनी चाचरत विचारलं, "इतिवृत्तात काय लिहू?"

अध्यक्षांनी कोट खाली ओढला. चेंडूकडे बघितलं, ताईकडे बघितलं, आपल्या पायांकडे बघितलं आणि ते हळूहळू जवळ घेतले.

"लिहा," ते म्हणाले. "अध्यक्षांनी एक घेतलं. बंदी रद्द."

गुरुवार, २७ मार्च

खांबाचा संघ उपांत्य सामना एक-शून्य जिंकला. मला प्रेक्षकांत बसवलं होतं, चाचणीच्या खोलीत नाही. कारण विचारलं नाही. आयुष्यातला पहिला सामना. ऑफसाईड काय ते ताईने सांगितलं, तीनदा, समजलं असं मी म्हटलं. सत्तराव्या मिनिटाला एकाने खांबाच्या पायांमधून चेंडू काढला. सगळं मैदान ओरडलं. खांबाने वळून प्रेक्षकांत मला शोधलं आणि ओठांवर बोट ठेवलं. मी मान डोलावली. मग त्याने पळत जाऊन तोच चेंडू परत काढून घेतला, आणि मी काय ओरडलो ते कोणत्याच भाषेत नाही.

रविवार, ३० मार्च

अंतिम सामना हरले, अकस्मात मृत्यूत. कोणी मेलं नाही, पण आता मला तो शब्द पटतो. खांबाच्या आईने निघताना मला मिठी मारली आणि ताईला दोन मारल्या.

मंगळवार, ८ एप्रिल

मंडळाचं पत्र. पुस्तिकेची दुसरी, दुरुस्त आवृत्ती काढायची आहे आणि काम मलाच देत आहेत. मला आनंद लपवता आला नाही. मात्र अट आहे: प्रत्येक शब्द एका तज्ज्ञ परीक्षकाकडून तपासला जाईल. परीक्षकाचं नाव कळवलेलं नाही. त्यांचीच तशी इच्छा आहे म्हणे.

ताई हल्ली रोज चारला बाहेर पडते. गुडघ्यांसाठी चालायला जाते. नवे बूट घेतले आहेत, तळाला खिळे असलेले, पकड चांगली म्हणून.

गुरुवार, १७ एप्रिल

परीक्षकांकडून पहिली तीस पानं आली. लाल शाईने चाळण केली आहे. 'हे मैदानावर कोणी म्हणत नाही.' 'अर्थ लिहा.' 'पुन्हा अर्थ लिहा.' दोन राष्ट्रांच्या स्वभावावरच्या माझ्या टिपणावर आडवी रेघ, बाजूला 'काय संबंध?' अक्षर ठसठशीत, तापाच्या तक्त्यावर असतं तसं. माणूस बहुधा वैद्यकीय क्षेत्रातला असावा.

अकरा मुद्द्यांचं सविस्तर उत्तर लिहिलं. भाषा थोडी कडक झाली. ताई फिरायला निघालीच होती, म्हटलं मंडळाच्या कचेरीत टाकशील का.

"दे ना," ती म्हणाली. "हातोहात पोचवते."

शुक्रवार, १८ एप्रिल

परीक्षकांचं उत्तर एका दिवसात आलं, ताईच घेऊन आली. अकरापैकी दहा मुद्दे फेटाळले. अकरावा मान्य केला आणि खाली लिहिलं, 'हा चांगला पकडलात.' ते वाक्य मी चार वेळा वाचलं. माणूस कडक आहे, पण मनाने न्यायी. मंडळात अशी माणसं आहेत हे मला माहीत नव्हतं.

संध्याकाळी ताईला म्हटलं, या गृहस्थांना एकदा घरी जेवायला बोलवावं. समोरासमोर बसलं की पुष्कळ गोष्टी मोकळ्या होतात. त्यांना कोणता दिवस सोयीचा पडेल, मंडळात जरा विचारशील का?

ताई खाली वाकून बुटांना लागलेली माती खरवडत होती.

"विचारायला कशाला हवं," ती म्हणाली. "त्यांना कुठलाही दिवस चालेल. फक्त स्वयंपाक तू कर."